विश्लेषण : सैनिकाच्या चालीने चालणारा रणगाडा! ‘मॅटिल्डा’चा मराठा पलटणींशी संबंध काय?

पनवेलहून एक्स्प्रेसवेने पुणे आणि पुढे शिरूरमार्गे अहिल्यानगर गाठले, की लष्कराचे रणगाडा संग्रहालय पाहता येते. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयात गर्दी जमते ती पॅटन, सेंच्युरियन आणि विजयंता यांच्याभोवती. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांची नावे कानावरची असतात, त्यामुळे ते साहजिकच. पण तिथेच दुसऱ्या महायुद्धातले तीन ब्रिटिश रणगाडे आहेत : मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल. हे तिघे एकाच घराण्यातले. त्यांना ‘इन्फन्ट्री टँक’ म्हणजे पायदळाचा रणगाडा म्हणत. हा प्रकार आज जगात कुठेही बनत नाही. ज्या पायदळासाठी तो बनवला, त्यात कोकणातली आणि देशावरची हजारो मुले होती. या रणगाड्याने त्यांना कुठे तारले, कुठे त्याची साथ अपुरी पडली आणि हा प्रकारच का संपला, याविषयी.

‘इन्फन्ट्री टँक’ म्हणजे नेमके काय?

पहिल्या महायुद्धात पायदळाचा सर्वांत मोठा शत्रू होता मशीनगन. खंदकातून बाहेर पडून मोकळ्या मैदानात धावणारी अख्खी कंपनी दोन-तीन मशीनगन काही मिनिटांत आडवी करत. रणगाड्याचा जन्म झाला तो या एका अडचणीवर उपाय म्हणून. गोळ्या अंगावर झेलत पुढे जायचे, काटेरी तारा तुडवायच्या, मशीनगनचा मोर्चा चिरडायचा आणि मागून येणाऱ्या सैनिकाला वाट करून द्यायची.

१९३० च्या दशकात ब्रिटिश लष्कराने रणगाड्यांची दोन कामे वेगळी केली. घोडदळासारखी वेगाने मुसंडी मारण्यासाठी ‘क्रूझर’, तर पायदळासोबत चालण्यासाठी ‘इन्फन्ट्री टँक’. दुसऱ्या प्रकाराला वेग नको होता. सैनिक चालतो त्याच्या बरोबरीने चालता आले की पुरे. त्या बदल्यात चिलखत इतके जाड हवे, की शत्रूची रणगाडाविरोधी तोफही त्याच्यापुढे हतबल व्हावी. कागदावर ही विभागणी चोख वाटते. प्रत्यक्ष रणांगणावर समोर कोण उभे राहील हे आधी ठरवता येत नाही, आणि सगळा घोळ तिथेच झाला.

या घराण्यातला पहिला रणगाडा ‘मॅटिल्डा १’ दोन माणसांचा, एका मशीनगनचा आणि स्वस्तातला होता. आपण ज्याला मॅटिल्डा म्हणून ओळखतो तो त्यानंतरचा ‘मॅटिल्डा २’. वजन सुमारे २७ टन, आत चार माणसे आणि समोरचे चिलखत ७८ मिलिमीटरपर्यंत जाड. त्या काळातल्या बहुतेक जर्मन रणगाड्यांचे चिलखत ३० मिलिमीटरच्या आसपास होते, यावरून फरक लक्षात यावा.

रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात रणगाडा कसा?

मॅटिल्डाचा आराखडा वुलिचच्या सरकारी शस्त्रागाराचा. बांधणीचे काम मिळाले लँकेशायरमधल्या ‘व्हल्कन फाउंड्री’ला. हे नाव आपल्याला परके नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली, तिला जोडलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने याच कारखान्यात तयार झाली होती. जाड पोलाद ओतण्याचे आणि घडवण्याचे कसब रेल्वे इंजिनवाल्यांकडेच होते. म्हणून रणगाडाही त्यांच्याच हातून घडला. पुढे इतर कारखानेही कामाला लागले.

मॅटिल्डाला मुद्दाम बनवलेले इंजिन नव्हते. लंडनच्या बसगाड्या बनवणाऱ्या एईसी कंपनीची दोन डिझेल इंजिने शेजारी शेजारी बसवली, दोघांची मिळून ताकद १७४ अश्वशक्ती. आजची एखादी मोठी एसयूव्ही एवढी ताकद देते, आणि ती ओढते दोन टन. मॅटिल्डाला २७ टन ओढायचे होते. रस्त्यावर ताशी पंचवीसेक किलोमीटर, शेता-वाळूतून १४ च्या आसपास, हा त्याचा वेग. नंतरच्या मॅटिल्डांना लेलँडची इंजिने मिळाली. एसटीने प्रवास केलेल्या कुणालाही अशोक लेलँड या नावातला उत्तरार्ध ठाऊक असतो, तीच ही मूळची ब्रिटिश कंपनी.

ओतीव पोलादाचे काम किचकट असल्याने उत्पादन संथ होते. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा सेवेत होते फक्त दोन मॅटिल्डा. १९४३ पर्यंत मात्र एकूण २,९८७ बनले.

मग त्यात खोट कुठे होती?

तोफेत. मॅटिल्डाची ४० मिलिमीटरची ‘टू-पाउंडर’ तोफ १९४० मध्ये शत्रूचा रणगाडा भेदायला पुरेशी होती. पण तिला दिला जाणारा गोळा म्हणजे नुसते भरीव पोलाद. तो रणगाड्याला भोक पाडे. खंदकावर किंवा तोफेच्या मोर्चावर पडून फुटणारा गोळा तिला मिळालाच नाही. म्हणजे ज्याचे मूळ काम पायदळाच्या वाटेतले मोर्चे उद्ध्वस्त करणे, त्याच रणगाड्याला मोर्चावर मारायला मशीनगनखेरीज काही नव्हते. लांबून मारा करणाऱ्या तोफेपुढे मशीनगन काय करणार? आणखी मोठी तोफ बसवावी तर बुरुजाचा घेर लहान. चिलखताचा विचार करणाऱ्यांनी तोफेचा विचार एवढा तोकडा का केला, याचे पटण्याजोगे उत्तर आजही मिळत नाही.

तरीही ‘वाळवंटाची राणी’ हे नाव कसे पडले?

मे १९४० मध्ये फ्रान्समधल्या आरास इथे पहिली चुणूक दिसली. १६ मॅटिल्डा २ आणि ५८ मॅटिल्डा १ जर्मनांवर चालून गेले. जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांचे गोळे त्यांच्यावर आपटून उडत राहिले. समोर होता रोमेल. त्याने मोठ्या तोफा आणि विमानविरोधी ८८ मिलिमीटर तोफा आडव्या लावून हा हल्ला थोपवला. हा धडा रोमेल विसरला नाही. ब्रिटिशांनी तो पुरेसा मनावर घेतला नाही, असेच पुढच्या घटनांवरून म्हणावे लागते.

त्याआधी मात्र मॅटिल्डाचे सोनेरी दिवस आले, आणि तेही भारतीय सैन्यासोबत. ९ डिसेंबर १९४० च्या सकाळी इजिप्तमधल्या निबेवा या इटालियन छावणीवर चौथ्या भारतीय डिव्हिजनने हल्ला केला. पुढे सातव्या रॉयल टँक रेजिमेंटचे मॅटिल्डा, मागे ट्रकमधून आलेले पायदळ. रणगाडे छावणीच्या मागच्या, सुरुंग नसलेल्या बाजूने शिरले. इटालियन तोफची तोफा सोडून पळाले नाहीत, शेवटपर्यंत गोळे डागत राहिले. पण त्यांचा एकही प्रकार मॅटिल्डाला भेदू शकला नाही. इटालियन सेनापती मालेत्ती मारला गेला. दुपारच्या आत छावणी पडली. दुसऱ्याच दिवशी सिदी बारानी गेले आणि काही दिवसांत ३८ हजारांच्या आसपास इटालियन कैद झाले. पायदळाचा रणगाडा ज्यासाठी जन्मला, ते काम त्याने इथे जवळजवळ पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केले.

केरेनच्या डोंगरात काय झाले?

तिथून ही डिव्हिजन थेट पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात गेली. केरेन या गावाकडे जाणारा एकमेव रस्ता दोन्ही बाजूंना उभे कडे असलेल्या घळीतून जात होता आणि तो इटालियनांनी सुरुंगाने उडवून बुजवला होता. चौथ्या रॉयल टँक रेजिमेंटची मॅटिल्डांची एक तुकडी तिथे होती, पण रस्ताच नाही तर रणगाडा चढणार कुठून?

डोंगर चढले ते पायदळच. १५ मार्च १९४१ च्या संध्याकाळी ३/५ मराठा बटालियनने ‘फ्लॅट टॉप’ नावाची टेकडी घेतली. (३/५ मराठा म्हणजे त्या वेळच्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. पुढे येणाऱ्या आकड्यांचा अर्थही असाच.) त्या रात्री फ्रंटियर फोर्सच्या जवानांनी शेजारचे ‘पिनॅकल’ शिखर घेतले आणि पहाटे डोलोगोरोडॉकचा किल्ला पडला. मग सॅपर्सनी माऱ्याखाली राहून रस्त्यावरचे दगड उपसले. २७ मार्चला मॅटिल्डा घळीतून पुढे निघाले आणि केरेन पडले. जवळपास आठ आठवड्यांच्या या लढाईत भारतीय आणि ब्रिटिश सैन्याचे पाचशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले, तीन हजारांहून अधिक जखमी झाले. क्रम इथे उलटा झाला होता : रणगाड्याने पायदळाला वाट करून देण्याऐवजी पायदळाने रणगाड्याला वाट करून दिली.

हलफाया खिंडीत मराठा पलटणीने काय पाहिले?

इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवरची ही खिंड आपल्याला समजायला सोपी आहे. खाली समुद्रकाठची सपाट पट्टी, वर पठार आणि दोघांना जोडणारा घाट. उंची आपल्या बोरघाटापेक्षा बरीच कमी, पण रचना तीच. घाट ज्याच्या हातात, त्याची वरची आणि खालची दोन्ही बाजू पक्की.

१५ जून १९४१ रोजी ब्रिटिशांनी खिंड परत घेण्यासाठी ‘बॅटलॲक्स’ मोहीम सुरू केली. वरच्या पठारावरून कॅमेरॉन हायलँडर्स आणि डझनभर मॅटिल्डा. खालच्या किनारपट्टीवरून २/५ मराठा आणि राजपुताना रायफल्स, सोबत सहा मॅटिल्डा, अशी योजना होती. सहा महिन्यांपूर्वी निबेवात जे घडले, तेच इथेही घडेल अशी अपेक्षा होती.

खिंडीचा बचाव करत होता कॅप्टन विल्हेल्म बाख. युद्धाआधी हा गृहस्थ चर्चमध्ये पाद्री होता. त्याने ८८ मिलिमीटरच्या तोफा दगडमातीत अशा दाबून बसवल्या होत्या, की फक्त नळी जमिनीच्या वर दिसावी. मॅटिल्डा जवळ येईपर्यंत त्या गप्प राहिल्या. नंतर वरच्या बाजूचे जवळजवळ सगळे रणगाडे काही वेळात जळाले. मॅटिल्डाचे ७८ मिलिमीटरचे चिलखत या तोफा किलोमीटरभर अंतरावरूनही फोडत. उलट मॅटिल्डाकडे त्या खड्ड्यातल्या तोफेवर फुटणारा गोळा नव्हता. आधी सांगितलेली खोट इथे पूर्ण हिशेबासह वसूल झाली.

खालच्या बाजूला सहापैकी चार मॅटिल्डा सुरुंगांवर गेले आणि त्यांनीच पुढची वाट अडवली. मराठा आणि राजपुताना जवान उघड्या सपाटीवर, समोर उंचावर शत्रू आणि ज्याच्या आडोशाने पुढे जायचे तो रणगाडा जागेवरच खिळलेला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केले, खिंड मिळाली नाही. तीन दिवसांत मोहीम गुंडाळावी लागली. ब्रिटिशांनी ९१ रणगाडे गमावले, त्यातले ६४ मॅटिल्डा होते. सेनापती वेव्हेल यांची उचलबांगडी होऊन त्यांना भारतात पाठवण्यात आले. हेच पुढे भारताचे व्हॉइसरॉय झाले. इंग्रज सैनिकांनी हलफाया या नावावरूनच या जागेला नरकाग्नीची खिंड म्हणायला सुरुवात केली.

टोब्रुकलाही हीच पलटण होती?

होय, आणि हा भाग आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. २० जून १९४२ च्या पहाटे रोमेलने लिबियातल्या टोब्रुक बंदरावर शेवटचा हल्ला चढवला तो आग्नेयेच्या बाजूने. तिथला मोर्चा ११ व्या भारतीय ब्रिगेडकडे होता आणि प्रत्यक्ष आघात झाला २/५ मराठावर. आधी बॉम्बफेक करणारी विमाने, मग तोफा, मग सुरुंग काढणारे आणि त्यांच्यामागे रणगाडे. रणगाडे अडवण्यासाठी खणलेला चर काही ठिकाणी वाळूने बुजला होता.

टोब्रुकमध्ये ब्रिटिशांचे पायदळ रणगाडे होते, बहुतेक व्हॅलेंटाइन. प्रतिहल्ल्यासाठी ते निघालेही, पण पोहोचले तेव्हा मोर्चा फुटलेला होता. एकत्र येऊन आदळण्याऐवजी तुकड्यातुकड्यांनी येत ते जर्मनांच्या तोंडी गेले. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले आणि ३० हजारांहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले. २/५ मराठाचे वाचलेले जवानही त्यांत होते. पायदळासाठी बनलेल्या रणगाड्याचे चिलखत कितीही जाड असो, तो वेळेवर आला नाही तर त्याचा पायदळाला उपयोग शून्य.

हीच चूक बर्माच्या आघाडीवरही झाली. फेब्रुवारी १९४३ च्या सुरुवातीला आराकान किनाऱ्यावरच्या डोनबाइक इथे जपानी बंकर फोडण्यासाठी जेमतेम आठ व्हॅलेंटाइन पाठवले गेले. जनरल स्लिम यांचे म्हणणे होते की द्यायची तर पूर्ण रेजिमेंट द्या, मूठभर रणगाडे पाठवू नका. ते ऐकले गेले नाही. तीन रणगाडे ओढ्याच्या खोल पात्रात अडकून गेले, हल्ला फसला. त्याच वर्षी न्यू गिनीच्या जंगलात ऑस्ट्रेलियन सैन्याने जुन्या मॅटिल्डांकडून अगदी असेच काम करून घेतले. तिथे जपान्यांकडे ८८ मिलिमीटर नव्हती आणि पायदळ व रणगाडे एकमेकांना सोडून जात नव्हते. युरोपात निवृत्त झालेला हा रणगाडा पॅसिफिकमध्ये १९४५ पर्यंत लढत राहिला.

चर्चिल रणगाड्याने चित्र बदलले का?

बऱ्याच अंशी. व्हॉक्सहॉल या मोटार कंपनीने बनवलेला चर्चिल सुमारे ४० टनांचा. घाईत तयार झाल्याने सुरुवातीला तो सारखा बिघडायचा. पण त्याचा एक गुण कुणीच आधी हेरला नव्हता : तो डोंगर चढायचा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियातल्या लाँगस्टॉप टेकडीवर चर्चिल चढलेले पाहून जर्मनही चक्रावले. शेवटच्या आवृत्तीत समोरचे चिलखत १५२ मिलिमीटरवर गेले, म्हणजे मॅटिल्डाच्या जवळपास दुप्पट, आणि तोफेला फुटणारे गोळेही मिळाले.

इटलीतल्या सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ ला आठव्या भारतीय डिव्हिजनच्या पाठीशी हेच चर्चिल होते. नदी अरुंद, पण दोन्ही काठांवर पुराचे उंच बांध आणि त्या बांधांत पोखरून बसलेले जर्मन. संध्याकाळी ज्वाला फेकणाऱ्या चर्चिलांनी आणि लहान गाड्यांनी बांधावर आगीचे लोळ सोडले. बुरुज काढलेले चर्चिल नदीपात्रात उतरवून त्यांचाच पूल केला गेला आणि बाकीचे त्यांच्या पाठीवरून पलीकडे गेले.

मात्र पूल होण्याआधी पाण्यात उतरले ते पायदळ. १/५ मराठाचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर होते, गाव निमज, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. त्यांच्यासोबतची छोटी तुकडी पात्रातच जवळजवळ संपली. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, बांधावरून आणि सुरुंगांतून मागे आणले. नंतर एकट्याने तीन मशीनगन मोर्चे बंद पाडले. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकली आणि हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधावर उभे राहून मराठ्यांचा रणघोष दिला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनाही तो मिळाला.

आपल्या रायगड जिल्ह्यातले नाव घ्यायचे तर माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांचे घ्यावे लागेल. १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ३/५ मराठाच्या हल्ल्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन चालली. घाडगे वगळता सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले, हातबॉम्बने मशीनगन गप्प केली, एकाला गोळी घातली आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनेच मारले. जिंकलेल्या मोर्चातच शत्रूच्या नेमबाजांनी त्यांचा प्राण घेतला. वय २२. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात रणगाड्याचा उल्लेख नाही. पण तो कशासाठी शोधला गेला होता, ते त्या चार-पाच वाक्यांत जितके कळते तितके आराखड्यांच्या कागदांत कळत नाही. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

हा प्रकार संपला तो का?

१९४५ पर्यंत इंजिने इतकी ताकदवान झाली, की जाड चिलखत, मोठी तोफ आणि वेग हे तिन्ही एकाच रणगाड्यात बसू लागले. मग पायदळासाठी एक आणि मुसंडीसाठी दुसरा, असे दोन ठेवण्याचे कारण उरले नाही. सेंच्युरियन हे त्याचे पहिले ब्रिटिश फळ. १९६५ मध्ये पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर याच सेंच्युरियनमधून लढले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. पायदळाने रणगाड्यासोबत कसे जायचे, याचे उत्तरही बदलले. आता रणगाड्याने सैनिकाच्या चालीने चालायचे नसते, सैनिकच चिलखती गाडीत बसून रणगाड्याच्या वेगाने जातो. भारताच्या या यांत्रिक पायदळाचे प्रशिक्षण केंद्रही अहिल्यानगरलाच आहे.

संग्रहालयात गेलात तर मॅटिल्डाच्या दोन्ही बाजूंचे पोलादी पडदे आणि त्यांतली भोके पाहा. साखळीतला चिखल बाहेर पडावा म्हणून ती ठेवली होती. मग त्याची तोफ पाहा, नळी जेमतेम दोन मीटरची. त्याच संग्रहालयात जर्मन ८८ मिलिमीटर तोफही आहे. तिची नळी जवळपास पाच मीटर लांब आहे.